डावा रकाना

४ फेब्रुवारी

चि. कॅमी,

तुझं पत्र पोचलं. सहा वर्षांनी पत्र, आणि त्यात ओळी चार! "दुसरं ऑपरेशन ठरलं आहे, चोवीस मार्चला. सर्जनबाईंना पहिल्या पाळीपासूनचा सगळा इतिहास हवा आहे. माझा केसपेपर तुझ्याकडे असेल. पाठव." खाली सही. सही तरी कसली, नुसता फराटा. कुरियरवालासुद्धा याहून मायेने सही घेतो.

रागावले नाहीये हं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं तेव्हा समोर एक पेशंट जीभ दाखवत बसला होता. त्याला म्हटलं, जरा थांबा. बिचारा तसाच थांबला, जीभ बाहेर काढून. औषधाच्या पुड्या बांधायच्या सोडून आपल्या पुड्यावाल्या बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, याला आत घ्यायला सांगा ती, वाळून जाईल." मी हसले, आणि मग मला हसू आवरेचना, आणि मग ते हसू राहिलं नाही. पेशंटला उद्या यायला सांगितलं. पुड्यावाल्या बाई अजून आहेत बरं का. ऐकू कमी येतं, त्यामुळे दवाखान्यातली कुठलीच गोष्ट बाहेर जात नाही.

आता केसपेपरचं. मधे दवाखान्याला रंग दिला तेव्हा जुने कागद माळ्यावर टाकले होते. माळ्यावर वाळवी लागली. गठ्ठेच्या गठ्ठे गेले. तुझा त्यातच असणार. फार वाईट वाटलं, पण इलाज नाही.

पण कागद गेला म्हणून काय झालं? मी आहे ना! तुझ्या सर्जनबाईंना मी मुद्देसूद लिहून देते. त्यांना सांग की आमच्या होमिओपॅथीत "पाळीत पोट दुखतं" एवढ्यावर भागत नाही. दुखत कुणाचं नाही? आम्ही विचारतो, कसं दुखतं. पिळल्यासारखं, टोचल्यासारखं, की खाली ओढल्यासारखं. पाळी यायच्या आधी दुखून सुरू झाली की थांबतं, की जितकं जास्त जातं तितकं जास्त दुखतं. गुडघे पोटाशी घेऊन उशी दाबून धरली की जिला बरं वाटतं ती कोलोसिंथ या औषधाची बाई, आणि तिच्या दुखण्यामागे बहुधा गिळलेला राग असतो, असं आमची पुस्तकं सांगतात. गरम पिशवीने बरं वाटतं ती मॅग फॉसची. जिला रडू येतं, कुणीतरी जवळ बसावंसं वाटतं, खिडकी उघडी लागते, ती पल्सेटिलाची. आणि जिला नवरा नको, पोरं नकोत, जी सगळं खाली गळून पडेल म्हणून पायावर पाय घट्ट टाकून बसून राहते, ती सेपियाची. दोनशे वर्षं लोकांनी ऐकून ऐकून हे लिहून ठेवलंय. बाकीचे डॉक्टर पोट दाबून बघतात, आम्ही ऐकून घेतो. तू कोणती होतीस ते तुला माहीतच आहे, नावच पडलं तुझं ते.

पण दुसरं ऑपरेशन कशाला गं? पहिल्यात सगळं साफ केलं म्हणाले होते ना? मी काही म्हणत नाही. म्हटलं की मी वाईट.

मी बरी आहे. एक ते चार दवाखाना बंद असतो, तेवढा वेळ जरा मोठा होतो. हल्ली उठायचं नाव न घेणारे पेशंट आवडायला लागलेत. पूर्वी घड्याळाकडे बघायचे, आता म्हणते, अजून काही आठवतंय का? बघा आठवून. उत्तर पाठव. चार ओळींचं चालेल.

तुझी,
आई


१७ फेब्रुवारी

वर काय लिहायचं ते कळेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

तू लिहिलंस, "त्या नावाने आलेलं पाकीट यापुढे न फोडता परत येईल." आणि लिहिलंस, "कागदाला वाळवी लागलेली नाही. तू कागद टाकत नाहीस, मला माहीत आहे. मी वाट बघते."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वाळवी लागली होती ती पोपटी गठ्ठ्याला, म्हणजे सर्दी-खोकलेवाल्यांना. तुझा कागद माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी तो काढून बघितला होता आणि नंतर तुला वाळवीचं लिहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसली मी.

आधी नावाचं बोलते. सगळ्यांना वाटायचं, कॅमी म्हणजे लाडाचं नाव. तुझ्या वर्गशिक्षिका तर म्हणाल्या होत्या, किती वेगळं नाव, कुठून शोधलंत? तुला आणि मलाच माहीत होतं कुठून. कॅमोमिला. पुस्तकात त्या औषधाच्या बाईचं वर्णन असं आहे की दुखणं असतं त्याच्या चौपट सांगते, चिडते, तोडून बोलते, पाणी मागते आणि दिलं की पेला भिरकावते, ब्रह्मदेव खाली उतरला तरी तिचं समाधान व्हायचं नाही. तू तेरा वर्षांची असताना एका पाळीत माझ्या हातातला पेला ढकलला होतास. झालं! मी म्हटलं, अगदी पुस्तकातली! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आम्हा लोकांना पेशंट पुस्तकाशी जुळला की लॉटरी लागल्यासारखं होतं. त्या आनंदात पाणी का ढकललंस, हे विचारायचं राहिलं.

एकदा पाहुणे बसले होते आणि तू बाथरूमच्या दारात खाली बसून कण्हत होतीस. कुणीतरी विचारलं, काय झालं हिला? मी म्हटलं, "काही नाही हो, आमची कॅमोमिला आहे ती." सगळे हसले. तुझे बाबा हसले. तूसुद्धा हसलीस गं, दाराची चौकट धरून. ते हसणं मी बरं वाटायला लागल्याचं लक्षण धरलं. नंतर बाबांनी हळूच विचारलं होतं, "हिला एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून आणू या का?" मी म्हटलं, "दाखवायला? मी काय मेले आहे का?" पुन्हा त्यांनी विचारलं नाही. त्यांना भांडण सोसायचं नाही, आणि मला ते माहीत होतं.

आता कागदाचं. तू लहानपणी दवाखान्यात स्टुलावर बसून गृहपाठ करायचीस, तेव्हा तुला आमचा नियम पाठच आहे. पानाचे दोन रकाने. डाव्यात पेशंटचे शब्द, जसे तोंडातून पडतील तसे. बाई म्हणाली की पोटात गाडी उलटी वळते, तर "गाडी उलटी वळते" असंच लिहायचं, "मुरडा" नाही लिहायचं. उजव्यात डॉक्टरला काय वाटलं ते. माझ्या सरांचं म्हणणं होतं, उजवा रकाना चुकला तर चालेल, पुढच्या वेळी दुरुस्त करता येतो, डावा चुकला तर आपण कुणा वेगळ्याच माणसाला औषध देत बसतो. मी हा नियम आयुष्यभर पाळला. माझे कागद बघायला नवे डॉक्टर येतात अजून.

तुझ्या कागदाचा उजवा रकाना काठोकाठ भरलेला आहे. "चिडकी. तोडून बोलते. दुखणं वाढवून सांगते. सोसत नाही." 'सोसत नाही'खाली दोन रेघा. आणि डावा कोरा. तुला मी खुर्चीत बसवून कधी विचारलंच नाही. आईने मुलीला काय विचारायचं, मला सगळं दिसतंय की, असं वाटायचं. प्रश्न मनातल्या मनात मीच विचारले, उत्तरंही मीच दिली.

फोटोकॉपी काढून सोबत जोडली आहे. मूळ कागद घड्यांवर फाटायला आलाय, पोस्टात टाकवत नाही. सर्जनबाईंनी काय हसायचं ते हसावं. मला चालेल.

आई


२८ फेब्रुवारी

तुझं पत्र काल आलं. या वेळी दीड पान! आल्या आल्या उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग एक वाजता दवाखाना बंद करून पुन्हा वाचलं.

तू म्हणतेस की डावा रकाना कोरा नव्हता. तुझंच वाक्य इथे उतरवते, म्हणजे माझ्याकडून इकडचं तिकडे व्हायला नको. "मी चौदा वर्षांची असताना तू बाहेर गेली होतीस तेव्हा खणातून माझा कागद काढला आणि डाव्या रकान्यात मीच लिहिलं, पेन्सिलीने. फोटोकॉपीत दिसत नाही, पेन्सिल फिकी झाली असेल. तू ते वाचलं होतंस का? एवढंच मला हवं आहे. वाचलं नसशील तर माझं तुझ्याशी भांडण नाही, ये, चोवीसला माझ्यापाशी बस. न ऐकणं मी समजू शकते, सगळ्यांच्याच आया ऐकत नाहीत. पण वाचून जर"

तिथे तू वाक्य अर्धं सोडलंस.

नाही गं बाई. वाचलं नव्हतं. मला कसं दिसणार? पेशंटची रांग, मी आपली उजव्या रकान्यात खाली लिहीत जायची, डावीकडे बघायचं कारणच नव्हतं. आणि पेन्सिलीचं काय, वर्षभरात पुसट होतं, कागदाला कागद घासून. आत्ताही चष्मा लावून बघितलं, काही दिसत नाही. दिसलं असतं तर मी गप्प बसले असते का? तूच सांग.

माझ्या हातून झालेलं मात्र एक आहे, ते आजवर तुझ्यापाशी कबूल केलं नाही. सहा वर्षांपूर्वी तू ऑफिसच्या बाथरूममध्ये कोसळलीस, तुला उचलून नेलं, ऑपरेशन झालं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर नको तिथे वाढलंय, एंडोमेट्रिओसिस, आतडीसुद्धा चिकटली आहेत, पुष्कळ वर्षांचं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तू शुद्धीवर आल्या आल्या मला फोन केलास. आणि मी काय केलं? आले नाही. गोळ्यांची बाटली पार्सलने पाठवली, वर चिठ्ठी, "चार चार गोळ्या दिवसातून तीनदा." पोटाला टाके घातलेल्या पोरीला! बाटली परत आली, बूच न उघडता. ती परत आल्यावर मी तीन दिवस पुड्यावाल्या बाईंवर उगीच ओरडत होते. त्यांना ऐकू येत नाही म्हणून बरं.

मी का आले नाही ते सांगते. तिथले डॉक्टर विचारतील, इतकी वर्षं कुणाला दाखवलं होतं? आणि तू माझ्याकडे बघशील. त्या एका बघण्याची भीती वाटली. मला माफ कर. हे मी मनापासून लिहिते आहे.

खरंच मला येऊ देशील?

आई


११ मार्च

तुझा फोन येऊन गेला त्याला आता चोवीस तास झाले, तरी मी घरात त्या फोनच्या आसपासच घुटमळते आहे.

"बावीसला ये. स्टेशनवर घ्यायला येता येणार नाही, पण दार उघडते," म्हणालीस. आणि सुरुवातीला "आई" म्हणालीस. आवाज बसलाय का तुझा? की मीच विसरले होते कसा होता ते? मी फोनवर फक्त "हो हो" करत राहिले. ठेवल्यावर सगळं आठवलं. जेवतेस का, कोण आहे जवळ, दुखतं कधी, बसताना की उठताना. आता तिथे येऊनच विचारीन. खुर्ची घेऊन समोर बसेन आणि तू बोलायचंस.

बावीसची सकाळची गाडी मिळाली. दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: "एकवीस मार्चपासून दवाखाना बंद. तातडीचं असल्यास मोठ्या दवाखान्यात जावे." पुड्यावाल्या बाईंनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "हे तुमच्या हातचं? पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच बघते." मी म्हटलं, "माणूस सुधारतो हो." त्या म्हणाल्या, "अं?" पुन्हा ओरडून सांगायला लागलं, तेव्हा समोरच्या बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले.

कपाटातून तुझी खोली काढली. म्हणजे तुझ्या खोलीतलं कपाट काढलं. बघ, आनंदात माणूस काहीही लिहितं. चादरी धुतल्या, का कोण जाणे, तू तर इकडे येणार नाहीस. बऱ्याच दिवसांनी रेडिओ लावला. जेवताना समोर पुस्तक ठेवायला विसरले, एरवी ठेवते, नाहीतर भिंतीकडे बघत जेवावं लागतं.

तुझ्याकडे थंडी असेल म्हणून जुना कोट काढला. तो अंगात जाईना! समोरच्या शिवणवाल्या मावशींना बोलावलं. तुला आठवतील त्या, तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. अजून तशाच बोलतात. कोट उसवता उसवता म्हणाल्या, "डॉक्टरबाई, लेकीकडे चाललात होय! जावंच माणसाने. माझी लेक आज धडधाकट आहे ती तुमच्यामुळे. तुम्ही त्या मंगळवारी चिठ्ठी देऊन पाठवलं नसतंत तर काय झालं असतं हो? ती दवाखान्यातली बाई म्हणाली, लवकर आणलंत म्हणून निभावलं." त्यांची मुलगी तुझ्याच वर्गात होती, उंच, दोन वेण्यांची. दर वर्षी मावशी मला हे सांगतात. दर वर्षी मी म्हणते, अहो त्यात काय एवढं.

या वेळी मी विचारलं, माप घ्यायचं राहिलंय ना? त्या म्हणाल्या, "हात वर करा, माप घेते," आणि मी हात वर करून उभी राहिले, त्या गेल्या तरी.

असो. कोट छान बसेल आता. आणखी काय आणू ते कळव.

आई


१४ मार्च

या पाकिटात मूळ कागद आहे. आधी तो काढ. खिडकीपाशी जा आणि उजेडात तिरका धर. डाव्या रकान्यात, वरून बोटभर सोडून, कागदावर वळ दिसतील. तू पेन्सिल दाबून लिहायचीस. लिहिलेलं पुसलं तरी दाबल्याची खूण राहिली आहे. मला ती चष्म्याशिवायही दिसते. आहे तसं उतरवते:

"संडासला बसलं की खालून वर कोणीतरी सुरी ओढतं. पाळी नसली तरी कधी कधी. मी चिडकी नाही. मला दुखतं."

मी ते वाचलं होतं.

अठ्ठावीस तारखेला तुला खोटं लिहिलं. फोनवर तू "आई" म्हणालीस ते त्या खोट्याला म्हणालीस. तीन दिवस मी स्वतःला सांगून बघितलं की पोरीचं ऑपरेशन तोंडावर आहे, आता कशाला, तिला आधार हवाय, खरं नंतर सांगू. हे सगळं ऐकायला बरं वाटतं. पण मला हवा होता तो माझा आधार. मला तुझ्याजवळ बसायचं होतं, वाटेल ती किंमत देऊन.

आता त्या मंगळवारचं सांगते. सकाळी शिवणवाल्या मावशी लेकीला घेऊन आल्या. मी तिला खुर्चीत बसवलं, तिच्या आईला बाहेर पाठवलं, आणि विचारलं, सांग बाळ, तुझ्या शब्दांत सांग. ती लाजत लाजत म्हणाली, पाळीत संडासला बसलं की आत कापल्यासारखं होतं. मी डाव्या रकान्यात लिहून घेतलं. त्यावर माझ्या पुस्तकात औषध नव्हतं असं नाही, तीन होती. पण हे पुस्तकातल्या गोळ्यांचं काम नाही, आत काहीतरी वाढतंय, एवढं मला तेव्हा कळत होतं. मी औषध दिलं नाही. मोठ्या दवाखान्यातल्या बाईंना चिठ्ठी लिहिली, "कृपया लगेच तपासावे." परक्याच्या मुलीवर मी हट्ट चालवत नाही.

एक वाजता दवाखाना बंद केला. तुला गोळ्या द्यायच्या होत्या, आदल्या महिन्यात काय दिलं ते बघायला तुझा कागद काढला. आणि तुझं अक्षर दिसलं.

दोन मुली, एकच सुरी, आणि मधे दोन तास. समजायला मला एक क्षणही लागला नाही. मी लेटरपॅड ओढलं आणि दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली. "प्रिय मॅडम, सोबत पाठवत आहे माझी मुलगी," इथपर्यंत लिहिलं. आणि हात थांबला.

का थांबला? तुला वाटेल, मला माझ्या गोळ्यांवर फार विश्वास होता. तसं असतं तर मी आज ताठ मानेने लिहिलं असतं की चुकले, पण श्रद्धेने चुकले. तसं नव्हतं. मला त्या बाईंचं तोंड दिसलं. होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या लेकीला आमच्याकडे पाठवलं! बाहेरच्या बाकावरच्या बायका दिसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतील, स्वतःच्या घरात गोळ्या चालत नाहीत आणि आपल्याला देते म्हणतील. आणि ज्या मुलीला मी वर्षभर चारचौघांत कॅमोमिला म्हणून हसले, ती खरं बोलत होती हे सगळ्यांपुढे कबूल करावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. एवढंच कारण आहे. मी खूप शोधलं, याहून मोठं, शोभेलसं कारण सापडलं नाही.

चिठ्ठी फाडली. तुझ्या कंपासपेटीतलं रबर घेतलं आणि पुसलं. चांगलं स्वच्छ पुसलं, भुगा फुंकला. मग तेच औषध जास्त ताकदीचं दिलं. संध्याकाळी तू शाळेतून आलीस, जीभ पुढे केलीस, मी गोळ्या टाकल्या. तू माझ्याकडे बघत होतीस, मी वाचलंय का ते शोधत असावीस. मी म्हटलं, "बघतेस काय, चघळ."

त्यानंतर तू दुखतं म्हणणं बंद केलंस. कागद उलटव, मागच्या पानावर पुढच्या महिन्याची तारीख आहे आणि माझ्या अक्षरात लिहिलंय: "तक्रार नाही. औषध लागू पडलं." त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. असं चार वर्षं, तू शिकायला बाहेर जाईपर्यंत. दर महिन्याला तू तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतीस आणि मी सुधारणा लिहीत होते. बाहेर मावशी भेटल्या की त्यांची लेक बरी असल्याचं सांगायच्या, मी घरी यायचे, तू भिंतीकडे तोंड करून निजलेली असायचीस, आणि मी दिवा मालवून दार ओढून घ्यायचे, झोपमोड नको म्हणून. तू झोपलेली नसायचीस. तेही मला माहीत होतं.

रडून दाखवत नाही. रडले आहे, पण ते माझं मी बघेन, त्याचं ओझं तुझ्यावर नको.

बावीसचं तिकीट रद्द केलेलं नाही, पण तुझा फोन आल्याशिवाय गाडीत बसणार नाही. नको म्हणालीस तर नको. तुझ्याजवळ बसायला दुसरं कुणीतरी असू दे, मैत्रीण, शेजारीण, कुणीही. शुद्धीवर येताना माणसाला एक ओळखीचं तोंड लागतं आणि ते माझंच असायला हवं असा माझा आग्रह नाही. होता, पण आता तो धरत नाही. डोळे उघडलेस की कुणाकडून तरी मला एवढं कळव की उघडलेस.

तुझं अर्धं राहिलेलं वाक्य तुला हवं तसं पुरं कर. मी ते वाचेन.

आणि सर्जनबाईंना इतिहास हवाय ना, तर फार लांबण लावू नकोस, त्यांना वेळ नसतो. एवढंच लिहून दे: दुखणं तेराव्या वर्षी सुरू झालं. चौदाव्या वर्षी आईला कळलं. आई डॉक्टर होती.

आई